एमएसच्या रुग्णाचे हाड का मोडते?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावरच हल्ला करते. तोल जातो, पायांतले बळ कमी होते, नजर मंदावते. अशा रुग्णांचे हाड मोडण्याचा धोकाही वाढतो. ब्रिटनमधील 2011 च्या मोठ्या अभ्यासात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका जवळजवळ तिप्पट आढळला. तरीही उपचारांत हाडांचा विचार मागे पडतो, तो काही पक्क्या समजांमुळे.

पहिला समज असा की, पडले म्हणून मोडले, त्याला इलाज नाही. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात भातखाचरांच्या निसरड्या बांधावरून धडधाकट माणूसही घसरतो, हे खरे. पण एमएसमध्ये पडणे वारंवार होते आणि मोडणारे हाडही आधीच ठिसूळ झालेले असू शकते. भार आणि स्नायूंचा ताण मिळाला तरच हाड भक्कम राहते. चालणे घटले की त्याची घनता घटते. म्हणून ‘पडून राहा, म्हणजे मोडणार नाही’ हा सल्ला उलटा घात करतो.

दुसरा समज, हा म्हातारपणाचा प्रश्न आहे. एमएस बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो, स्त्रियांमध्ये अधिक. हाडांची पुंजी तिशीच्या सुमारास पूर्ण होते; नेमक्या त्याच काळात हा आजार तिला धक्का देतो.

तिसरा समज, ऊन आणि दूधदुभते असलेल्या या तालुक्यांत हाडांना काय कमी? भारतात ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. शिवाय अंग तापले की एमएसची लक्षणे तात्पुरती वाढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी 1890 मध्येच याचे वर्णन केले होते. त्यामुळे रुग्ण उन्हात जाणे टाळतो.

चौथा समज, स्टेरॉइडच हाडे खातात, तेव्हा ती नकोतच. वारंवार किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड हाडे कमजोर करतात, हे मान्य. पण आजार उसळल्यावर सहसा 3 ते 5 दिवस दिली जाणारी मात्रा लवकर सावरण्यास मदत करते. ती नाकारण्यापेक्षा किती वेळा दिली याची नोंद ठेवावी आणि हाडांवर लक्ष ठेवावे.

करण्याजोगे पुष्कळ आहे. नारायणगाव, घोडेगाव किंवा मंचरच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना एमएसची पूर्ण माहिती द्यावी. पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी यांविषयी विचारावे. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक घ्यायची असते. ती मनाने रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक वाढू शकते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम सकाळच्या गारव्यात करावा. न्हाणीघरात धरायला दांडी, उंबरठ्यापाशी उजेड आणि लघवीची घाई असणाऱ्यासाठी रात्री अंथरुणाजवळ भांडे ठेवावे. बधिर पायात मोडलेले हाड दुखेलच असे नाही. अचानक सूज आली किंवा ताठरपणा वाढला तर मालिश न करता एक्स-रे काढावा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे आणि 1985 मध्ये स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे. रुग्णाच्या घरच्यांनी हा आधार घ्यावा आणि पहिले हाड मोडण्याची वाट न पाहता हाडांची तपासणी मागून घ्यावी.