हिब्रूचे मराठी अध्यापक

जोसेफ एझिकेल राजपूरकर (1834–1905) यांचे नाव झाशीच्या बडा बाजारातील मराठी घरांत फारसे कोणी ऐकले नसेल. परंतु पिढ्यानुपिढ्या परप्रांती राहून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलणाऱ्या आम्हां झाशीकरांनी ज्यांचे चरित्र मुद्दाम अभ्यासावे, असे ते पुरुष होते.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालविणारा, आणि शनिवारी ते बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा बेने इस्रायल समाज हा राजपूरकरांचा. या समाजाने शब्बाथ पाळला, सुंतेचा विधी सोडला नाही, ‘शेमा’ प्रार्थनेचे उच्चार मुखोद्गत ठेवले. हिब्रूचे ज्ञान मात्र कालौघात जवळजवळ लोपले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले, ते धर्मप्रसाराच्या उद्देशाने. पण त्या विद्येचा उपयोग या समाजाने ख्रिस्ती होण्याकडे न करता आपल्याच धर्मग्रंथांकडे परतण्यासाठी केला, हे मला फार मोलाचे वाटते.

त्या परतीच्या वाटेवर राजपूरकरांनी आपली हयात वेचली. मुंबईत ससून घराण्याच्या दानातून उभ्या राहिलेल्या ज्यू शाळेत मुख्याध्यापकाचा हुद्दा त्यांनी सुमारे चाळीस वर्षे सांभाळला. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. एवढ्या अधिकाराचा विद्वान युरोपीय पंडितांच्या मान्यतेवर संतुष्ट राहिला असता, तरी त्यास कोणी बोल लावला नसता. राजपूरकरांनी मात्र उपासनेची हिब्रू पुस्तके मराठीत आणली, जेणेकरून घाण्यावरच्या माणसालाही आपण देवापाशी काय मागतो ते कळावे. अव्वल इंग्रजीतील मराठी गद्याची चर्चा करताना आपण मिशनऱ्यांची नावे आवर्जून घेतो आणि यांचे विसरतो, हा अन्याय आहे.

असा ठेवा आम्हां झाशीकरांनीही गमावला आहे. 1858 साली इंग्रज फौजेच्या हातून झाशीच्या ग्रंथसंग्रहाची जी नासधूस झाली, ती कुलाब्याच्याच वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये नोंदविली आहे. त्या पोथ्या गेल्या, त्यास इलाज नव्हता. पण आज आमच्या मुलांना अथर्वशीर्ष पाठ असून त्याचा अर्थ सांगता येत नाही, याचा दोष कोणत्याही फौजेवर ढकलता यावयाचा नाही. राणी लक्ष्मीबाईसाहेबांचे लग्न जेथे लागले त्या गणेशमंदिरात आमच्यातील सेवानिवृत्त शिक्षकांनी मुलांना शिकविण्यासाठी आठवड्याची एक सायंकाळ द्यावी, आणि आरंभ अथर्वशीर्षाच्या मराठी अर्थापासूनच करावा.

— एक झाशीकर