पोटातली आग आणि आपला अंगारा



सुरुवातीलाच एक खुलासा करते. माझ्या नावामागचे ‘डॉ.’ पीएच.डी.चे आहे. मी न्यू जर्सीत प्रयोगशाळेत काम करते, पेशंट तपासत नाही. त्यामुळे कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगायचा मला अधिकार नाही. पण घेत असलेल्या औषधाबद्दल प्रश्न विचारायचा अधिकार आपल्या सगळ्यांनाच आहे. तो आपण वापरत नाही, ही माझी तक्रार आहे.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे पॉटलक होता. मिसळ झाली, भजी झाली, आणि मग बडीशेप फिरावी तशी टेबलावर ओमेप्राझोलची बाटली फिरली. “मलाही दे रे एक.” “मी तर दहा वर्षं घेतोय, काही होत नाही.” तासाभरापूर्वी याच टेबलावर, कोणाच्या तरी मेव्हण्याने मुलाच्या दंडाला गंडा बांधला म्हणून यथेच्छ टिंगल झाली होती. आता सांगा, कशासाठी ते ठाऊक नाही, किती दिवस ते ठाऊक नाही, पण घेतल्याशिवाय चैन पडत नाही, अशा वस्तूला आपण एरवी काय म्हणतो? अंगाराच ना?

बरे, माहिती लपवलेली आहे म्हणावे तर तसेही नाही. अमेरिकेत २००३ साली ओमेप्राझोल चिठ्ठीशिवाय मिळू लागले. त्याच्या खोक्यावर सरळ छापलेले असते: दिवसातून एकदा, सकाळी खाण्यापूर्वी एक गोळी, सलग १४ दिवस. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चार महिन्यांच्या आत पुन्हा कोर्स नाही. पूर्ण परिणाम दिसायला एक ते चार दिवस लागू शकतात, हेही तिथेच लिहिलेले असते. म्हणजे मिसळ खाऊन झाल्यावर घेतलेली गोळी त्या रात्रीच्या जळजळीवर जवळजवळ निरुपयोगी!

कारण साधे आहे. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात आणि ते जेवणाच्या चाहुलीने सुरू होतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी भावंडे चालू पंपालाच पकडून बंद पाडतात, आणि रक्तात ती फार वेळ टिकत नाहीत. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असतात. लगेच आराम हवा असेल तर साधे अँटासिड किंवा फॅमोटिडीन जास्त उपयोगी. पीएच.डी. आणि एमबीए झालेली आपण मंडळी कर्जाचे पन्नास पानी कागद बारकाईने वाचतो, पण खोक्यावरचे दहा ओळींचे वाचत नाही.

आता माझ्याच घरातली गोष्ट सांगते, कारण दुसऱ्यांना नावे ठेवणे सोपे असते.

माझी आई सांगलीला असते. वय ७२, आयुष्यभर शाकाहारी, मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन. सहा वर्षांपूर्वी गुडघे दुखले म्हणून तिला दहा दिवसांची वेदनाशामक गोळी मिळाली आणि पोटाला त्रास नको म्हणून सोबत पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची एकत्र कॅप्सूल. वेदनाशामक दहा दिवसांत संपली. कॅप्सूल चालूच राहिली. “बंद करा” असे कोणी म्हणाले नाही, आणि औषधाच्या दुकानात कोणी चिठ्ठी मागितली नाही. मी दर रविवारी फोनवर विचारायचे, “आई, गोळ्या घेतेस ना वेळेवर?” ती म्हणायची, “हो गं, एकही चुकवत नाही.” मला कर्तव्य केल्याचे समाधान मिळायचे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग अंधारात तोल जाऊ लागला. सगळे म्हणाले, वय झाले. मीही म्हणाले. शेवटी ती न्हाणीघरात पडली, तेव्हा कोणीतरी बी-१२ तपासले. ते अगदीच तळाला गेले होते.

अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते आणि ते सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. शाकाहारात ते मुळात कमी, मेटफॉर्मिनने शोषण आणखी कमी, त्यावर आम्लही बंद. तिघांपैकी कोणाचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. पण २०१३ साली कॅलिफोर्नियात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन किंवा अधिक वर्षे ही औषधे घेतलेल्यांत बी-१२च्या कमतरतेची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी जास्त आढळली होती. तो लेख माझ्या हाताशी होता. ज्या बाईचा व्यवसायच पुरावे तपासण्याचा, तिने सहा वर्षांत आईला एकदाही विचारले नाही की ही गोळी कशासाठी?

आणखी एक. त्या कॅप्सूलमधल्या डॉम्पेरिडोनला अमेरिकेत मान्यताच नाही. हृदयाचे ठोके बिघडण्याच्या धोक्यामुळे एफडीएने २००४ साली त्याबद्दल इशारा दिला. युरोपीय औषध संस्थेने २०१४ साली ते फक्त मळमळ आणि उलटीसाठी, तेही साधारण आठवडाभरच, असे बंधन घातले. छातीतली जळजळ त्या यादीतून वगळली. आणि आपण? भारतातून परतताना याच कॅप्सूलच्या दहा-दहा स्ट्रिप्स भाकरवडीशेजारी बॅगेत भरतो.

“पण सोडली की त्रास होतो, म्हणजे मला गरज आहेच ना?” हा युक्तिवाद मी शंभर वेळा ऐकला आहे. कोपनहेगनमध्ये १२० निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिले आणि नंतर चार आठवडे, त्यांना न सांगता, नुसत्या साखरेसारख्या खोट्या गोळ्या. उरलेल्यांना सगळे बारा आठवडे खोट्या गोळ्याच. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. लक्षात घ्या, ही माणसे मुळात आजारी नव्हतीच! आम्ल दाबून ठेवले की शरीर ते वाढवण्याची तयारी करते, आणि दाब काढला की काही आठवडे उसळी येते. ती उसळी म्हणजे गोळी आयुष्यभर हवी असल्याचा पुरावा नव्हे.

इथवर वाचून आपल्यातला दुसरा गट खूश झाला असेल. “बघा, आम्ही सांगत होतोच, या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो, मूत्रपिंडे जातात, कोकम घ्या!” थांबा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साडेसतरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांना सुमारे तीन वर्षे पँटोप्राझोल किंवा खोटी गोळी दिली होती. आतड्यांचे संसर्ग किंचित वाढले, १.० टक्क्यावरून १.४ टक्के. स्मृतिभ्रंश, मूत्रपिंडाचा विकार, हाडे मोडणे यांत फरक दिसला नाही. ज्यांना ॲस्पिरिनसारख्या औषधांमुळे पूर्वी रक्तस्राव झाला आहे, ज्यांच्या अन्ननलिकेला गंभीर जखमा आहेत किंवा बॅरेट्सचे निदान आहे, त्यांना हीच गोळी मोठ्या संकटातून वाचवते. अशा माणसाने एखादा फॉरवर्ड वाचून ती बंद करणे हाही अंगाराच, फक्त उलट्या बाजूने लावलेला.

मग करायचे काय? माझी मागणी अगदी साधी आहे.

१. प्रत्येक गोळीचे कारण विचारा. वारंवार पोट दुखत असेल तर हेलिकोबॅक्टर जंतू आहे का, हे तपासता येते. त्याचा शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. तो असेल तर प्रतिजैविकांचा ठरावीक कोर्स लागतो, नुसते आम्ल दाबून भागत नाही.

२. शेवटची तारीख विचारा. डॉक्टरांनी दिलेला कोर्सही जळजळीसाठी बहुधा आठ आठवड्यांचा असतो. पुढे चालू ठेवायचे तर कारण सांगायला लावा.

३. सोडायचे ठरले तर डॉक्टरांशी बोलून सोडा, आणि मधल्या आठवड्यांतली उसळी अँटासिडवर निभावा.

४. वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासण्याविषयी विचारा. थायरॉइडची गोळी किंवा रक्त पातळ ठेवणारे क्लोपिडोग्रेल चालू असेल तर आवर्जून सांगा. शोषणात किंवा परिणामात फरक पडू शकतो.

५. गिळताना अडकणे, कारण नसताना वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी: यावर गोळी हे उत्तर नाही. छातीत दडपण, घाम, धाप असेल तर “ॲसिडिटी असेल” म्हणत बाटली शोधू नका, ९११ फिरवा. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो.

आईला बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, तोल पूर्ण परत आलेला नाही. मज्जातंतूंचे नुकसान सगळेच भरून येत नाही. आता तिने एक वही केली आहे. औषधाचे नाव, कशासाठी, कधीपर्यंत, असे तीन रकाने. तिसरा रकाना रिकामा असला की ती दवाखान्यात जाऊन बसते आणि भरल्याशिवाय उठत नाही. बाई सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिच्या वहीइतका विवेक आपण आपल्या औषधांच्या कपाटाला लावला तरी पुष्कळ झाले.

या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा “गोळ्या घेतल्यास ना?” एवढेच विचारून ठेवू नका.