बागेचं हवामान बघता, घराचं कोण बघणार?

ऑक्टोबरातली संध्याकाळ. आभाळ भरून आलेलं, हवेत ओल, अधूनमधून पावसाची बुरबुर. बाकीच्यांना अशा हवेत भजी आठवतात आणि स्टेटसला टाकायला एखादं गाणं. पण तुम्ही ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडचे असाल तर अशा संध्याकाळी घरात काय चालू असतं ते तुम्हाला सांगायला नको. वडील मोबाइलवर एक ॲप बघतायत, काका दुसरं. दोघांचा अंदाज जुळत नाही म्हणून तिसऱ्याला फोन. छाटणी झालेली, बाग पोंग्यात. रात्री पाऊस झाला आणि पानं ओली राहिली की डाउनी आलाच समजा. मग रात्रीचे अकरा का वाजेनात, ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला जातोच.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका ऑक्टोबरात आमच्या घरात बागेची धावपळ चालली होती आणि आतल्या खोलीत माझी अकरावीतली चुलत बहीण तापानं फणफणली होती. 'हवा बदललीय, व्हायरल असेल' म्हणून तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तर डेंग्यू. प्लेटलेट्स घसरलेल्या. पाच दिवस नाशिकला ॲडमिट. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'घराजवळ पाणी साठून राहतं का?' आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, 'नाही हो!'

घरी आल्यावर मी बॅटरी घेऊन फिरलो. शेडमागे हातपाय धुवायला भरून ठेवलेला दोनशे लिटरचा ड्रम. झाकण केव्हाच हरवलेलं. आत अळ्या वळवळत होत्या. फ्रिजमागच्या ट्रेमध्येही तेच. तिला चावलेला डास याच ड्रमातला होता, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण एक गोष्ट मनाला लागली. ज्या घरात पानावरच्या दवाचा हिशेब ठेवला जातो, त्या घरात दारामागच्या ड्रमात कुणी डोकावत नव्हतं. वेलीला रोग होण्याआधी आम्ही जागे होतो, माणसाला मात्र ताप आल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे. बागेच्या बाबतीत आपल्याला जे कळतं, तेच घराच्या बाबतीत वापरा. वेगळं शहाणपण लागत नाही.

तुमच्यातले जे ॲग्रीला आहेत त्यांना 'रोगाचा त्रिकोण' पाठ असेल. एक बाजू पिकाची, दुसरी रोगकारकाची, तिसरी पोषक वातावरणाची. तिन्ही जुळल्या तरच रोग होतो. एक बाजू काढा, त्रिकोण मोडला. म्हणून तर शेतकरी नुसती औषधं मारत बसत नाही. फेलफुटी काढतो, दाटी कमी करतो, वेलीत हवा खेळती ठेवतो. म्हणजे रोगाला आवडणारं वातावरणच बिघडवतो. माणसाच्या साथींनाही हाच त्रिकोण लागू आहे. फक्त तिथे आपण पहिल्या दोन बाजूंबद्दलच बोलतो. पपईच्या पानांचा रस प्यावा की नाही यावर घराघरात चर्चा रंगते, पण तिसरी बाजू शेडमागे तशीच उघडी पडलेली असते.

आता डेंग्यूचं वातावरण नेमकं कसं असतं ते बघा. आपल्याला वाटतं जास्त पाऊस म्हणजे जास्त डास. तसं नाहीये. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसोबत पुण्यातल्या डेंग्यूचा आणि हवामानाचा संबंध तपासला. तो अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान आणि पाऊस मध्यम पण दिवसांमागून दिवस विखुरलेला, असं जुळून आलं की डेंग्यू वाढतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर धो धो पाऊस झाला तर अंडी आणि अळ्या वाहून जातात आणि साथ ओसरते. म्हणजे भीती मुसळधारेची कमी, बुरबुरीची जास्त. द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको. त्याचंही नुकसान बहुतेक वेळा बुरबुरच करते.

उष्णतेचाही यात हात असतो. डासानं डेंग्यूच्या रुग्णाला चावलं की लगेच तो दुसऱ्याला रोग देत नाही. विषाणू आधी डासाच्या शरीरात वाढावा लागतो. २५ ते २८ अंशांना त्याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. हवा गरम असेल तर त्याहून कमी. डासाचं आयुष्यच काही आठवड्यांचं, त्यामुळे यातले दोन दिवस वाचले तरी साथीला बळ मिळतं. निफाडची थंडी कडाडली की डेंग्यू मागे हटतो त्याचं एक कारण हेच. पण वर्षागणिक उकाडा लांबत चालला, तर थंडीच्या भरवशावर किती दिवस बसणार?

आणखी एक गोष्ट मला त्या ड्रमानंतर कळली. डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, पाण्यात नाही तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी चढलं की त्यातून अळ्या बाहेर. म्हणून ड्रम नुसता पालथा करून भागत नाही, आतून घासावाच लागतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' हे शाळेच्या भिंतीवरचं घोषवाक्य आहे ना, त्यातला आठवडा इथून आलाय. आपण ते वाचत मोठे झालो, त्यामागचं गणित मात्र कुणी समजावलं नाही.

साथ आली की गल्लीत पहिली मागणी होते धुराच्या गाडीची. गाडी येते, पोरं मागे धावतात, व्हिडिओ निघतात, सगळ्यांना वाटतं काहीतरी झालं. उद्रेकाच्या वेळी धुराचा थोडा उपयोग आहेच. पण धूर मारतो उडणाऱ्या डासांना. पाण्यातल्या अळ्यांना आणि भिंतीवरच्या अंड्यांना तो हात लावत नाही. आठवड्याभरात नवी फळी तयार. नुसत्या फवारणीवर बाग सांभाळणारा शेतकरी तुम्ही शहाणा म्हणाल का?

इथे कुणी म्हणेल, 'सगळं आमच्याच गळ्यात का? नळाला रोज पाणी येत नाही, साठवायचं नाही तर प्यायचं काय?' बरोबर आहे. वातावरण म्हणजे फक्त ढग आणि ऊन नव्हे. नळाचं वेळापत्रक, तुंबलेली गटार, हायवेच्या कडेला उघड्यावर पडलेले टायर, हेही वातावरणच. टंचाईत घरोघरी ड्रम भरले जातात, म्हणून डेंग्यू उन्हाळ्यातही डोकं वर काढतो. भाड्याच्या एका खोलीत चार जणांचं पाणी साठवणाऱ्या कुटुंबाला 'कोरडा दिवस पाळा' सांगणं सोपं आहे. त्यांना रोज अर्धा तास नळ देणं अवघड. पण साथ थांबते ती या अवघड कामानंच.

आणि ती थांबते, याचा पुरावा आपल्याकडे आहे. आजीला विचारा 'नारू' म्हणजे काय. पायातून दोरीसारखा लांब जंत बाहेर यायचा. पायऱ्यांच्या विहिरीत रुग्ण उतरला की जंताची पिल्लं पाण्यात, तिथून बारीक जलकीटकात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात. याच्यावर लस नव्हती, रोग बरा करणारं औषधही नव्हतं. मग केलं काय? पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं बंद केलं, हातपंप बसवले, पाणी फडक्यातून गाळायला शिकवलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. फक्त पाण्याची वाट बदलून एक रोग संपवला. नारूला तुम्ही ओळखत नाही, यातच सगळं आलं.

आपल्या ओझरला तर पाण्याचं शहाणपण शिकवायची गरजच नाही. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी भरायची, शेवटच्या शेतापर्यंत पोचवायचं. हे बघायला बाहेरून लोक येतात. ज्या गावानं कालव्याच्या पाण्याचा हिशेब मांडून दाखवला, त्याला ड्रममधल्या पाण्याचा हिशेब जड का जावा?

म्हणून तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, रविवारची दहा मिनिटं. ड्रम, फ्रिजचा ट्रे, कूलर, कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचा भंगार. रिकामं करा, घासा, झाका. हौद रिकामा होत नसेल तर गप्पी मासे सोडा. हॉस्टेलला असाल तर तिथेही हेच. दुसरी गोष्ट जरा मोठी आहे. एनएसएसच्या तासांत झाडू घेऊन फोटो काढण्याऐवजी एका गल्लीतली घरं तपासा. शंभरातल्या किती घरांत अळ्या सापडल्या, तो आकडा काढा आणि दर महिन्याला फलकावर लावा. मग नगरसेवकाला 'धुराची गाडी कधी येणार?' असं विचारू नका. 'आमच्या वॉर्डाचा आकडा किती आणि नळाला रोज पाणी कधी?' असं विचारा. कोल यांच्या गटाचं म्हणणं आहे की हवामानावरून डेंग्यूचा इशारा दोन महिने आधी देता येईल. पण इशारा ऐकून उठणारं कुणी घरात हवं ना.

माझी बहीण आता बरी आहे, बारावी झाली. यंदाही ढग येतील, बाबा ॲप उघडतील. ते ब्लोअर जोडायला निघाले की मी बॅटरी घेऊन शेडमागे जाणार आहे. तुम्हीही जा.