बाळंतिणीच्या ताटावरचा पहारा



मूल वेगळं जन्माला आलं की घरात पहिली चौकशी होते ती आईच्या ताटाची. पोटुशी असताना हिने पपई खाल्ली होती का? ग्रहणात विळी हातात घेतली होती का? चौकशी संपली की शिक्षाही ताटावरच. वांगं बंद, डाळ वातूळ, ताक थंड, अंडं उष्ण. बापाने काय खाल्लं, काय प्यायलं, हे कुणी विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षी वस्तीत एक आई भेटली. मुलगी चार महिन्यांची, डाऊन सिंड्रोम असलेली. अशा बाळांचे स्नायू सैल असतात, चोखताना ती दमतात आणि अर्ध्यावरच झोपतात. हिला पाजायला तास-तास लागे. मग हाताने दूध काढून वाटी-चमच्याने भरवायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. रात्रीसुद्धा. बाळाचं वजन वाढेना, म्हणून सासूबाईंनी (नातीच्या काळजीनेच हो) सुनेचं पथ्य आणखी कडक केलं. ती दोन वेळा जेवत होती, तेही सगळ्यांच्या मागून. मला म्हणाली, "ताई, माझ्या खाण्यानंच झालंय म्हणतात. मग कसं खाऊ?"

डाऊन सिंड्रोम होतो तो एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे. त्यात पपईचा, वांग्याचा काडीचा संबंध नाही. हे तिला सांगून भागत नाही, तिच्या नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगावं लागतं.

आईच्या आहाराचा बाळाच्या वाढीशी खरा संबंध येतो, तो तिने काही खाल्लं म्हणून नव्हे, तिला मिळालं नाही म्हणून. आई अर्धपोटी असली तरी दूध सहसा आटत नाही. कॅल्शियम कमी पडलं तर शरीर ते तिच्या हाडांतून काढून देतं. पण ब-१२ जीवनसत्त्व आणि आयोडीन तिच्याकडेच नसेल तर दुधातही कमीच उतरतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतलं काहीच वाट्याला न येणाऱ्या आईचं, केवळ अंगावर पिणारं बाळ ब-१२ अभावी सुस्त होतं, हसायचं थांबतं, धरलेली मान सोडतं, कधी हातपाय थरथरतात. वेळेवर ओळखलं तर यावर साधे, स्वस्त उपचार आहेत. 'मूल मंदच आहे' म्हणून सोडून दिलं तर मात्र कायमचं नुकसान होऊ शकतं. (गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मोजक्या बाळांच्या आयांना दूध सोडावं लागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारणीने नव्हे.)

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात, पुढचे सहा महिने 520. म्हणजे नेहमीच्या जेवणावर साधारण दोन भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध.

आता कायदा पाहा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला, पण बाळंतपणानंतर सहाच महिने. जे मूल सहाव्या महिन्यात वरचं अन्न नीट गिळू शकत नाही, त्याची आई सातव्या महिन्यात कायद्याच्या लेखी बाळंतीण उरत नाही. शिवाय घरी आलेला शिधा सगळ्यांच्या पातेल्यात जातो, हे आपल्याला ठाऊक आहेच. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला 'माता-बाल आरोग्य' शिकवलं गेलं, त्यातली माता परीक्षेपुरतीच होती. योजनेतही तिची गत तीच दिसते.

मागणी अशी करायला हवी की अपंग बाळ अंगावर पीत असेल तोवर आईचा आहार चालू राहावा, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बाळाची तपासणी होते त्याच दिवशी आईचं हिमोग्लोबिन आणि ब-१२ तपासलं जावं. तोवर आपल्या गटांनी आपापल्या वस्तीतल्या अशा आयांच्या घरी जावं, दुपारच्या जेवणाच्या वेळी, आणि ती कितव्या पंगतीला बसते ते पाहावं. अंगणवाडीताईंना सोबत घ्या. आणि सासूबाईंशी भांडू नका; त्यांच्याही बाळंतपणात त्यांचं ताट कुणीतरी असंच उचललेलं असतं.