कोयत्यामागची बाई

जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी स्त्री ‘कोयता’ म्हणून, म्हणजे नवरा-बायको मिळून धरलेल्या एका मजूर-जोडीचा भाग म्हणून, मुकादमाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेत, बांधली जाते. कामाचा दिवस बुडाला की ‘खाडा’ धरून पैसे कापले जात असल्याने पाळीतही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे तिला चुकत नाही. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे ही दुखणी अंगावर काढली जातात आणि अखेर गर्भपिशवीच काढली जाते. सोबत बीजकोशही गेल्यास ऐन तिशीत रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात. शेजारच्या बीडमधील अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी शासनाने २०१९ मध्ये विधान परिषद सदस्य नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे योग्यच झाले. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, नवरात्रात, सुरू झालेल्या राज्य शासनाच्या ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियानात १८ वर्षांवरील स्त्रियांची तपासणी झाली. परंतु नवरात्रानंतर काही आठवड्यांतच ही ऊसतोड स्त्री गाव सोडते आणि तिचे आजारपण फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, दवाखान्यापासून दूर वाढते. म्हणून शासनाने तपासणीची नोंद तिच्या हाती द्यावी, फडावर फिरते पथक पाठवावे आणि पाळीतील सुट्टीचा खाडा कायद्याने बंद करावा.