अंगावर काढू नका

आयाबहिणींनो, तुमचं वय तिशीच्या पुढे असेल आणि गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी अजून एकदाही झाली नसेल, तर ती या महिन्यात करून घ्या. काही त्रास नसला तरी करून घ्या. त्रास सुरू होतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पिशवीच्या तोंडाचा हा कर्करोग भारतात २०२२ या एका वर्षात अंदाजे १ लाख २७ हजार बायकांना झाला आणि जवळपास ८० हजार जणी त्याने दगावल्या. जगभरात या रोगाने होणाऱ्या दर १० मृत्यूंपैकी ९ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. श्रीमंत देशांतल्या बायकांना वेळेवर बोलावून तपासलं जातं, आपल्याकडे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ही तपासणी कधीतरी झालेल्या २ जणीसुद्धा निघाल्या नाहीत.

आणि एका तपासणीने किती जीव वाचतात, याचा पुरावा जगाला आपल्याच बायकांनी दिला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमधून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या अभ्यासात सामील झाल्या. त्यांतल्या एका गटाची, हा रोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची चाचणी झाली, तीही एकदाच. तुलनेसाठीच्या गटाला फक्त माहिती दिली आणि नेहमीच्या सरकारी सोयींवर सोडलं. हे दोन्ही गट साधारण सारख्या आकाराचे. आठ वर्षांत चाचणीच्या गटातल्या ३४ जणी या कर्करोगाने गेल्या, तुलनेच्या गटातल्या ६४. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचले. त्या ६४ जणींनी जे शिकवलं ते त्यांच्या लेकीसुनांच्या अजून कामी येत नसेल, तर हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. तो मला सहन होत नाही.

हा रोग होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत, बहुतेक निरुपद्रवी. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मात्र दर १० पैकी ७ कर्करोगांच्या मुळाशी असतात. शरीरसंबंधातून तो पसरतो आणि संबंध आलेल्या जवळजवळ प्रत्येक स्त्रीपुरुषाला कधी ना कधी होतो. एकाच माणसाशी संसार केलेल्या बाईलाही होतो. म्हणून चाचणीत विषाणू सापडला तर कोणी कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये, सासूने नाही, नवऱ्याने तर नाहीच. बहुतेकींचं शरीर दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. काही जणींत तो ठाण मांडतो आणि कर्करोग व्हायला तिथून साधारण १५-२० वर्षं लागतात. एवढा वेळ हा रोग आपल्याला देतो. एचआयव्ही असलेल्या बायकांना मात्र इतका वेळ मिळत नाही, त्यांनी पंचविशीपासूनच तपासून घ्यावं.

गावाकडच्या तपासणीत बहुधा विषाणू शोधत नाहीत. मग काय करतात? सौम्य आम्लात बुडवलेला कापसाचा बोळा गर्भाशयाच्या तोंडाला लावतात आणि मिनिटभर थांबून पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. भूल नाही, कापाकापी नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच तपासणी डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या बायकांनी केली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डाग दिसलाच तर बहुतेक वेळा तेवढा भाग थंड किंवा गरम करून नष्ट करता येतो.

संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अंगावरून दुर्गंधीचं पाणी जात असेल, तर एक दिवसही थांबू नका. पण नुसतं पांढरं जातंय म्हणून ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं कोणी म्हणालं तर आधी तपासणी मागा. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. त्यातल्या कितीतरी जणींना हीच भीती घातली गेली होती.

घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर तिला एचपीव्हीची लस द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस १६ आणि १८ या दोन्ही प्रकारांपासून वाचवते, आणि एचपीव्हीच्या काही लसींची या वयात एक मात्राही पुरते असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं आहे. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातेतल्या एका प्रकल्पात लस घेतलेल्या ७ मुली दगावल्या, ती धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. सरकारी चौकशीत लस त्यांच्या मृत्यूला कारण ठरली नाही. पालकांची संमती नीट घेतली नव्हती, हे मात्र खरं निघालं. तेव्हा प्रश्न जरूर विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा, आणि मग लस द्या. रवांडासारख्या गरीब देशाने २०११ मध्येच सुरुवात करून दर १० पैकी ९ मुलींपर्यंत ती पोचवली. लस घेतलेल्या मुलीलाही मोठेपणी तपासणी लागेलच, कारण लस सगळे प्रकार अडवत नाही.

एकटीने जायचा संकोच वाटत असेल तर हळदीकुंकवाला जमता तशा पाच-सात जणी मिळून जा. ज्यांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत त्या विधवा बहिणींनाही सोबत घ्या, त्यांच्यातल्या अनेकींचं वय तर याच रोगाचं आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हाच विषय घ्या. नवरे, भाऊ, मुलगे, तुम्ही त्या दिवशी घरचं काम बघा, गाडी काढा. कारखानदारांनो, मुकादमांनो, त्या दिवसाची मजुरी कापू नका.

उद्या सकाळी आशाताईंना दोन प्रश्न विचारा: तपासणी कोणत्या दिवशी होते आणि लस कुठे मिळते. आपल्या आरोग्य केंद्रात सोय नसेल तर ग्रामीण रुग्णालयाचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा दिवस विचारून घ्या आणि ग्रामसभेत ती मागणी लेखी नोंदवा. तपासणी झाली की तिचा निकाल हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका, आणि पुढे बोलावलं असेल तर ती तारीख चुकवू नका.