डबा बांधा, हलशीला चला!

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी तीच चर्चा. शेजारचे गोव्याला निघालेले असतात, समोरचे महाबळेश्वरला. आपल्यालाही वाटते, मुलांना कुठेतरी न्यावे. मग हॉटेलचे दर, गाडीभाडे, पेट्रोल यांची बेरीज होते आणि ‘बघू उन्हाळ्यात’ म्हणून विषय मिटतो. मुले आपली मोबाईलमध्ये डोके घालून बसतात.

गेल्या दिवाळीत आमच्याकडेही हेच चालले होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, अर्थात कन्नडमध्ये, “लांब कशाला? चाळीस वर्षं झाली मला बेळगावात येऊन, अजून हलशी बघितली नाही. तिकडं न्या मला.”

आमचे घर तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरासारखेच आहे. सासरे मराठी, सासूबाईंचे माहेर बैलहोंगल तालुक्यातले, कन्नड. मी खानापूरकडची. मुले आजीला ‘अज्जी’ म्हणतात, माझ्याशी मराठीत भांडतात आणि आपसात दोन्हींची खिचडी करतात. सासऱ्यांचे गुडघे दुखत होते, ते घरी राहिले. बाकी आम्ही पाच जण सकाळी सातला बसस्टँडवर हजर!

खर्चाचे आधीच सांगते. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला. आधार कार्ड दाखवले की वाहक शून्य रुपयांचे तिकीट हातात देतो. त्यामुळे सासूबाई, मी आणि लेक अशा तिघींचा प्रवास फुकट. ह्यांचे पूर्ण आणि अकरा वर्षांच्या चिरंजिवांचे अर्धे, एवढीच काय ती तिकिटे. “आज आम्ही बायकाच तुम्हाला फिरवून आणतोय,” म्हणून सासूबाईंनी लेकाची चेष्टाही करून घेतली.

खानापूर रस्त्यावर पिरनवाडी लागते. २०२० च्या ऑगस्टमध्ये इथे संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्यावरून केवढे वातावरण तापले होते, हे आपण कुणी विसरलेलो नाही. शेवटी दोन्हीकडची माणसे एकत्र बसली. पुतळा राहिला आणि चौकाला शिवाजी महाराजांचे नाव देण्याचे ठरले. बस तिथून जाताना चिरंजिवांनी खिडकीतून पाहिले आणि भर बसमध्ये मोठ्याने विचारले, “आई, रायण्णा आपला की त्यांचा?”

पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून पाहिले. ह्यांनी वर्तमानपत्रात तोंड घातले. मी म्हटले, “खानापूर आलं की सांगते.” खानापूर आले, पण मला काही सांगता आले नाही. प्रश्न लहानाचा होता, पण त्यातले ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ हे शब्द त्याने कुठून उचलले? आपल्याच बोलण्यातून ना? आणि त्यातला ‘त्यांचा’ म्हणजे कोण? शेजारी बसलेली त्याची अज्जी?

खानापुरात बस बदलली. नंदगडवरून हलशीला जाणारी गाडी मिळाली. बेळगावपासून सगळे मिळून चाळीस-एक किलोमीटर. शेते, झाडी, कौलारू घरे, आणि मग एका लहानशा गावात आपण उतरतो. हे गाव कधीकाळी राजधानी होते, असे पाहून वाटतच नाही.

पण होते! बनवासीच्या कदंब राजांची ही दुसरी राजधानी. तेव्हा हिचे नाव पलाशिका. इथे मिळालेले त्या काळचे संस्कृत ताम्रपट फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केले. मृगेशवर्मा राजाने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधले आणि रविवर्म्याने कार्तिकात आठ दिवसांचा जिनोत्सव व पावसाळ्याचे चार महिने मुनींची सोय लावून दिली, हे त्यांतूनच कळते. पुढे गोव्याच्या कदंबांनीही हलशीला उपराजधानीचा मान दिला. “गोव्याच्या बसवर ‘कदंबा’ लिहिलेलं असतं, तेच हे,” असे मी सांगितल्यावर मुलांचे डोळे चमकले. इतक्या वेळा ती बस पाहिली, पण ते एका राजघराण्याचे नाव आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

भूवराह नरसिंहाचे देऊळ हे हलशीचे वैभव. चिऱ्यांच्या भिंतीच्या आत मोठे आवार आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले शिखर. आत गेल्यावर मुलांना गंमत वाटली ती समोरासमोरच्या दोन गाभाऱ्यांची. आपण मध्ये उभे राहायचे, इकडे एक देव, तिकडे दुसरा. एका बाजूला भूदेवीला उचलून धरणारा वराह. “पाठ कुणाकडे करायची?” लेकीने विचारले. सासूबाई म्हणाल्या, “बाजूला उभी राहा, दोघंही दिसतील.”

इथला शिलालेख ११६९ सालचा, शिवचित्त पेर्माडी राजाच्या काळातला. त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य. एकाचे चित्त शिवापाशी, दुसऱ्याचे विष्णूपाशी, आणि दोघांनी मिळून राज्य चालवले. गावात विष्णूचे हे देऊळ आहे, तशी सुवर्णेश्वर, कल्मेश्वर, कपिलेश्वर अशी शंकराचीही आहेत आणि जैन बस्तीही आहे. काही देवळे पडकी आहेत, पण सावकाश चालत सगळी पाहून होतात. आम्हाला कुठेही तिकीट काढावे लागले नाही. दुपारी झाडाखाली डबा सोडला. भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि शेवटी कुंदा. एका गावकरी आजींनी जाता जाता “ऊटा आतेन्री?” म्हणून विचारले आणि सासूबाईंचे उत्तर ऐकून मराठीत पुढच्या गप्पा सुरू केल्या. दहा मिनिटांत दोघींनी चार वेळा भाषा बदलली, पण कुणाचेच काही अडले नाही.

परतीच्या वाटेवर नंदगडला उतरलो. रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी इथेच फाशी दिले. त्याच्या समाधीपाशी मोठा वड आहे. तिथे पोहोचल्यावर सासूबाईंनी चप्पल काढली, पदर डोक्यावर घेतला आणि गप्प उभ्या राहिल्या. मग पारावर बसून नातवंडांना गोष्ट सांगितली. संगोळ्ळी त्यांच्या माहेरच्या तालुक्यातले गाव, लहानपणी रायण्णाची पदे ऐकलेली. रायण्णा कित्तूर संस्थानातला शेतसनदी होता. शेतसनद म्हणजे चाकरीबद्दल मिळालेली जमीन, हा शब्द दोन्ही भाषांत तोच. राणी चन्नम्मा इंग्रजांच्या कैदेत गेल्यावर याने माणसे जमवली, रानात राहून अचानक छापे घातले, सरकारी कचेऱ्या जाळल्या. शेवटी आपल्याच माणसांनी दगा दिला आणि तो पकडला गेला.

“म्हणजे गनिमी कावा!” चिरंजीव ओरडले. “शिवाजी महाराजांसारखा!”

“हौदप्पा,” सासूबाई म्हणाल्या.

सकाळच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हाही दिले नाही. द्यायची गरजच राहिली नाही. ज्या मातीत रायण्णा निजला आहे, ती माती खानापूर तालुक्यातल्या मराठी बोलणाऱ्या गावाची आहे. दोनशे वर्षे तीच त्याला सांभाळते आहे.

नंदगडला गाडीची पाऊण तास वाट पाहावी लागली, तेव्हा हा अनुभव तुम्ही आधीच गाठीला बांधा. खानापूर स्टँडवरच परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून घ्या. या मार्गावर गाड्या थोड्या आहेत, शेवटची चुकली तर पंचाईत. पिण्याचे पाणी घरून न्या. पावसाळ्यात खानापूरकडे धुवाधार पाऊस असतो, लहान मुले आणि वयस्कर माणसे असतील तर दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. स्वतःची गाडी असेल तर पुढे कित्तूरजवळचे देगावही होते. तिथले कमलनारायणाचे देऊळ शिवचित्ताच्या राणीने, कमलादेवीने बांधवले आहे. एका राणीची हौस म्हणून बायकांनी तरी ते पाहायलाच हवे! आमचा पाच जणांचा दिवसाचा खर्च चहा-भज्यांसकट साडेतीनशेच्या आत झाला.

येताना पिरनवाडीला अंधार पडला होता. चिरंजीव अज्जीच्या मांडीवर डोके ठेवून गाढ झोपलेले. घरी आल्यावर मात्र टक्क जागे! सासऱ्यांच्या शेजारी बसून रायण्णाची सगळी गोष्ट त्यांनी मराठीत रंगवून सांगितली. सुट्टीनंतर शाळेत कन्नडचा निबंध आला, ‘नम्म प्रवास’. त्यात तीच गोष्ट कन्नडमध्ये उतरली. शुद्धलेखन अज्जीने तपासले. दोन ठिकाणी चुका निघाल्या, पण निबंधात ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ हे शब्द कुठेच नव्हते.

तर मंडळी, या रविवारी काय बेत? तुमच्या गावाजवळ अशी एखादी न पाहिलेली जागा असेल तर आम्हालाही जरूर कळवा. डबा आम्ही घेऊन येऊ.